शैलाकाकूंचा ग्लास

शैलाकाकूंच्या हातात कोणी बिअरची बाटली दिली की त्या आधी ती फिरवून मागचं लेबल वाचायच्या. गळ्यातल्या साखळीला अडकवलेला चष्मा नाकावर चढायचा, बाटली खिडकीच्या उजेडाकडे धरली जायची आणि ती कुठं तयार झाली, केव्हा भरली, कुठून कुठून फिरून आली याची चौकशी व्हायची. आमच्याकडे लग्नाच्या मुलाचीसुद्धा इतकी कसून चौकशी होत नाही. पुढचं लेबल त्या वाचतच नसत. "पुढं सगळेच चांगलं लिहितात," असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या मित्राच्या, दिलीपच्या बेसमेंटमध्ये. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत आमच्या मराठी घरांत एक रिवाज आहे, तो कोणी ठरवला कोण जाणे. जेवायला आलेली जोडपी दारात चपला काढतात आणि तिथंच वेगळी होतात. पुरुष जिन्यानं खाली बेसमेंटमध्ये जातात आणि बायका स्वयंपाकघरातल्या ओट्याभोवती उभ्या राहतात. खाली बिअर असते, वर मँगो ज्यूस. खाली ग्रीन कार्ड, शेअर बाजार आणि क्रिकेट चालतं. वर मुलांचे क्लासेस आणि कोणाच्या तरी सासूचे गुडघे. वरून खाली भजी जातात, खालून वर रिकामी ताटं येतात. या रिवाजाचा मला मनापासून राग आहे, आणि त्या दुपारी भज्यांचं ताट घेऊन जिना उतरणारी मीच होते.

माझ्या मागून आवाज आला, "सरक जरा बाई, कठडा धरू दे."

सत्तरीच्या आसपासच्या, उंच, पांढऱ्या केसांचा बॉयकट केलेल्या एक काकू माझ्या बाजूनं खाली उतरल्या. दिलीपनं बेसमेंटमध्ये स्वतःच्या हातांनी लाकडी बार केला होता आणि त्याचं कौतुक सगळ्या गावाला ऐकवलं होतं. काकू थेट त्या बारच्या उंच स्टुलावर जाऊन बसल्या, कूलरमधली एक बाटली काढली, लेबल वाचलं, ग्लासात तीन-चार बर्फाचे खडे टाकले आणि त्यांवर बिअर ओतली. खालचं क्रिकेट बंद पडलं. बाई खाली आली याचा धक्का मोठा की बिअरमध्ये बर्फ घातला याचा, हे त्या मंडळींना ठरवता येईना.

शेवटी दिलीप म्हणाला, "काकू, बिअरमध्ये बर्फ? डायल्यूट होते ना यार."

"थायलंडमध्ये सगळे असेच पितात," काकू म्हणाल्या. "तिथल्या उन्हात बाटली टेबलावर येईस्तोवर गरम होते. बर्फ घालायचा आणि तो वितळायच्या आत प्यायचं. तू हळू पितोस, म्हणून तुझी डायल्यूट होते."

काकू मूळच्या नागपूरच्या, मायक्रोबायॉलॉजीच्या एम. एस्सी. नवरा वर्गातला, त्यामुळे त्याला आयुष्यभर नावानं हाक. मधुकरकाकांची नोकरी बँकॉकबाहेरच्या एका सूत कारखान्यात होती आणि काकूंचं तरुणपण सगळं तिथं गेलं. पुढं मुलगा अमेरिकेत शिकायला आला, काकांनाही इथं काम मिळालं आणि दोघं पार्सिपनीला आले. मुलगा मात्र नोकरीसाठी मिनेसोटात, ईडन प्रेरीला गेला; तिथं त्याची बायको नेहा आणि मुलं. यापलीकडे त्यांचं चरित्र मला माहीत नाही आणि त्यांनी ते कधी सांगितलंही नाही. सांगायचं ते बिअरबद्दल.

थायलंडच्या बिअरांना त्या नावानं ओळखत नसत, लेबलावरच्या जनावरांनी ओळखत. सिंहवाली, हत्तीवाली, बिबट्यावाली. नव्यानं गेल्या तेव्हा थाई अक्षरं लागत नव्हती म्हणून जनावरांवरून सुरुवात झाली. पुढं भाजीबाजारात फिरून अक्षरंही लागली, पण बोलण्यात जनावरंच राहिली. सिंहवाली जरा कडसर, भरलेली, पाहुणे आले की काढायची. हत्तीवाली स्वस्त आणि जोरकस, "दोन ग्लासांत नवरा बायकोला आईच्या नावानं हाक मारतो अशी." बिबट्यावाली हलकी, काही विशेष न सांगणारी, वरणभातासारखी रोजची. काकूंचा जीव बिबट्यावालीवर. मग परदेशी. त्यांच्यासाठी सुपरमार्केटात वेगळं कपाट, वर मंद दिवे. जर्मन बिअर चांगली, पण जड. ती थंडीतल्या माणसांची. बेल्जियमची गोडसर, मसालेदार, एवढ्या तोऱ्याची की जेवणाला शेजारी बसू देत नाही. जपानी स्वच्छ, तिच्याशी भांडण नाही. हिरव्या बाटल्यांतल्या युरोपियन बिअरांवर मात्र त्यांचा राग. हिरव्या काचेतून उजेड आत जातो आणि बिअरला वास मारतो, तरी लोक हिरवा रंग बघून जास्त पैसे देतात, हे सांगताना त्यांच्यातली एम. एस्सी. जागी व्हायची.

"पण इम्पोर्टेडची क्वालिटी असते ना, काकू," कोणीतरी म्हणायचंच.

"क्वालिटी तिच्या गावात असते. जहाजात उकडून, गोदीत पडून, कर भरून ती बँकॉकला येते तेव्हा पार थकून गेलेली असते. आणि काही तर नावाच्याच परदेशी. मागचं लेबल वाचलं तर कळतं, शेजारच्याच जिल्ह्यात तयार होतात. लोक विमानतळावरून आणल्यासारख्या हातात धरतात."

त्यांची परीक्षाही ठरलेली होती. कच्च्या पपईची मिरच्या घालून कुटलेली कोशिंबीर खायची, आणि कान गरम झाले की घोट घ्यायचा. त्या क्षणी जी तोंडाला सांभाळते ती चांगली बिअर, बाकी सगळी जाहिरात. या परीक्षेत बिबट्यावाली पहिली यायची आणि बेल्जियमची नापास व्हायची. सावजी रश्श्यावर वाढलेल्या बाईनं घेतलेली परीक्षा, तिला आव्हान कोण देणार?

दिलीपनं दिलं. दिलीप मनानं चांगला, पण त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. तो थायलंडला फिरून आला आणि येताना एका उंच इमारतीच्या गच्चीवर प्यायलेल्या बेल्जियन बिअरचे फोटो घेऊन आला.

काकूंनी फोटो पाहिले. "बँकॉकला जाऊन बेल्जियमची प्यायलास? काहून रे?"

"काकू, लोकल ट्राय केली. पाणी आहे ते. तुम्हाला पण डोळे बंद करून दिली तर फरक कळणार नाही."

"दे."

पुढच्या रविवारी दिलीपच्या बारवर लाल प्लास्टिकचे चार कप मांडले गेले. दोन थाई बिअरा एशियन दुकानातून आणल्या होत्या, दोन युरोपियन. ओतायचं काम माझ्याकडे. प्रत्येक कपात बर्फ हवा, ही काकूंची अट. पपईची कोशिंबीर त्यांनी स्वतः करून आणली होती आणि ती खाऊन आमच्या दोन-तीन माणसांना उचकी लागली होती. वरच्या बायकाही त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्या खाली उतरल्या आणि जिन्याच्या पायऱ्यांवर बसल्या. मधुकरकाका कोपऱ्यात लिंबू सरबत घेऊन बसले होते. ते पीत नसत, आयुष्यात कधी प्यायले नाहीत.

काकूंनी चारही कप चाखले, मधे मधे कोशिंबीर खाल्ली आणि तिसऱ्या कपावर बोट ठेवलं. "ही सिंहवाली. ताजी आहे. कुठून आणलीस?"

ती बेल्जियमची होती.

दिलीपनं टाळी वाजवली, कोणीतरी व्हिडिओ काढला, आणि काकू कप खाली ठेवायच्या आत तो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर गेला. माझेच कान तापले. काकूंनी व्हिडिओ मागून घेतला, पूर्ण पाहिला आणि म्हणाल्या, "परत काढ. यात माझा चेहरा नीट आला नाही."

"काकू, हरलात हे तर मान्य करा."

"हरली ना. मान्य आहे." त्यांनी सिंहवालीची रिकामी बाटली उचलून लेबल वाचायला घेतलं. "ही बघ केव्हाची भरलेली आहे. तिथून निघून, कंटेनरमध्ये उकडून इथं आली. तिथं बेल्जियमची जी गत व्हायची तीच इथं हिची झाली. इथं हीच इम्पोर्टेड आहे बाप्पा. मी तुला इतकी वर्षं काय सांगून राहिली?"

"ही चीटिंग आहे."

"चीटिंग नाही. माझी जीभ चुकली, माझं म्हणणं बरोबर निघालं. दोन्ही लिहून पाठव ग्रुपवर."

आम्ही पोट धरून हसलो. पण काकूंनी ते नुसतं बोलून सोडलं नाही, हे त्यांचं वेगळेपण. त्या दिवसापासून त्यांनी थाई बिअर पिणं बंद केलं. आम्ही सगळे इथं बसून तिथल्या गोष्टी जपतो. चितळ्यांसारखी बाकरवडी कुठं मिळते यावर माझा नवरा तासभर बोलू शकतो. काकूंना ते मंजूर नव्हतं. त्यांनी बाजूच्या गावात एक लहानशी ब्रुअरी शोधून काढली. तिथं दोन्ही दंडांवर फुलं गोंदवलेली एक बाई स्वतः बिअर करायची. काकू दर शुक्रवारी दुपारी तिच्याकडे जायच्या, आज ताजं काय आहे ते विचारायच्या आणि एक मोठी बाटली भरून आणायच्या. बर्फ मात्र सुटला नाही. ब्रुअरीवाल्या बाईनं पहिल्यांदा तो बर्फ पाहिला तेव्हा तिचा चेहरा दिलीपसारखाच झाला होता म्हणे.

काका-काकूंची एक सवय मला फार आवडायची. कुठल्याही हॉटेलात, कुठल्याही घरी, ट्रे आला की बिअर काकांसमोर ठेवली जायची आणि सरबत काकूंसमोर. बँकॉकमध्ये तेच, न्यू जर्सीत तेच. आणणाऱ्याच्या मनात दुसरं येतच नाही. मग काका बोलता बोलता, समोरच्याकडे बघत, वाक्य न तोडता दोन्ही ग्लासांची अदलाबदल करायचे. काकू आभार मानत नसत, काका त्याकडे बघत नसत. ग्लासात बर्फ कमी असला तर काका उठून घेऊन यायचे. मला वाटतं, त्या दोघांचा संसार नीट बघायचा असेल तर एवढं बघितलं तरी पुरे होतं.

काका हार्ट अटॅकनं गेले. त्यानंतर काकू पहिल्यांदा जेवायला आल्या त्या आमच्याकडेच. माझ्याच एका मैत्रिणीनं सगळ्यांना ज्यूस दिला, काकूंनाही दिला. काकूंनी ग्लास हातात घेतला आणि सवयीनं डावीकडे सरकवला. डावीकडे कोणी नव्हतं. ग्लास टेबलाच्या कडेला तसाच राहिला. काकू उठल्या, फ्रिजपर्यंत गेल्या, येताना आणून ठेवलेली स्वतःची बाटली काढून लेबल वाचलं आणि बर्फासाठी माझ्याकडे बघितलं.

मैत्रीण हळू आवाजात म्हणाली, "काकू, काकांना जाऊन अजून तीन महिनेही नाही झाले."

"मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "मोजायला मला कोणी लागत नाही."

पुढच्या हिवाळ्यात त्या ड्राइव्हवेवर घसरून पडल्या आणि मनगट मोडलं. मुलगा अभय दुसऱ्या दिवशी ईडन प्रेरीहून विमानानं आला. मी खिचडीचा डबा घेऊन गेले तेव्हा मायलेक जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसले होते. मी परत फिरत होते, पण काकूंनी मला खुर्ची दाखवली. साक्षीदार हवा होता बहुतेक.

"आई, इथलं घर विकू आणि तू आमच्याकडे ये," अभय म्हणत होता. "खालचा पूर्ण फ्लोअर तुझा. बाथरूम सेपरेट."

"बेसमेंट म्हण ना सरळ."

"वॉकआउट आहे आई. थेट अंगणात उघडणारं दार आहे, उजेड येतो."

"येत असेल. आणि माझा ग्लास?"

अभयनं माझ्याकडे एकदा बघितलं. "आई, प्लीज. घरात मुलं आहेत. नेहाचे आई-बाबा सहा-सहा महिने असतात, त्यांना ऑकवर्ड होतं. मी एवढंच म्हणतोय, तिकडे आल्यावर ते बंद कर."

"मग मी येत नाही."

"एका बिअरसाठी तू इथं एकटी राहणार?"

काकूंनी प्लास्टरमधला हात टेबलावर नीट ठेवला. "आठवड्यातून दोनदा पिते मी अभय. उद्या सोडली तर चहाइतकाही त्रास होणार नाही मला. डॉक्टरनं सांगितलं असतं तर आजच सोडली असती. पण तू डॉक्टर नाहीस. तू मला सांगून राहिला आहेस की तुझ्या घरात म्हातारी आई कशी दिसली पाहिजे. ते मी तुझ्या आजीचंही ऐकलं नाही आणि तुझ्या बापाच्या साहेबांचंही ऐकलं नाही. आता या वयात कशाला सुरुवात करू?"

"बाबा असते तर…"

"बाबा असते तर उठून बर्फ घेऊन आले असते."

अभय उठला आणि बाहेर जाऊन गाडीत बसला. काकूंनी डबा उघडून डाव्या हातानं खिचडी खाल्ली. मीठ कमी आहे म्हणाल्या. मीठ खरंच कमी होतं.

अभय वाईट मुलगा नव्हता. आईची काळजी त्याला होतीच, आणि इथून दोन हजार किलोमीटरवर बसून रोज तिच्या पडण्याची वाट बघणं ही काही सोपी गोष्ट नाही. त्यानं आमच्यापैकी प्रत्येकाला फोन केले. आईला समजवा, म्हणाला. मी नाही म्हटलं. दिलीप मात्र हो म्हणाला आणि एका शनिवारी काकूंकडे गेला. दोन तासांनी मी पाहिलं तर तो ड्रिल मशीन घेऊन काकूंच्या बाथरूमच्या भिंतीत धरायचे दांडे बसवत होता आणि काकू बाहेरून ते तिरके आहेत असं सांगत होत्या. जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा झाला. ड्राइव्हवेचा बर्फ काढायला एक माणूस ठरला. घर विकायचा विषय दिलीपनं काढला की नाही, हे त्याला अजून आठवत नाही.

मायलेकांचं बोलणं त्या काळात फोनवर औषधांपुरतं चालायचं. काकू ते कोणाला सांगत नसत. पण रविवारी फोन वाजला की हातातलं सगळं टाकून उठायच्या, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ टीव्हीचा आवाज मोठा असायचा. हट्ट सोडला असता तर नातवंडं रोज मांडीवर असती. ते त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळूनही त्या बसून राहिल्या, आणि मला त्यांचा जेवढा अभिमान वाटायचा तेवढीच भीतीही वाटायची.

मग माझ्याच नोकरीनं आम्हाला टेक्सासला पाठवलं. निघायच्या आठवड्यात काकूंनी मला रूट ४६ वरच्या थाई हॉटेलात दुपारच्या जेवणाला नेलं. अभय त्या आठवड्यात ऑफिसच्या कामानं न्यू यॉर्कला आला होता, तोही आला. ऑर्डर घेणाऱ्या बाईशी काकू थाईमध्ये इतकं बोलल्या की तिनं मेन्यू मिटूनच ठेवला. पपईची कोशिंबीर, मासा आणि भात सांगितला. काकूंनी न्यू जर्सीची बिअर मागितली, अभयनं नारळपाणी, मी आइस टी.

टेबलावर बोलणं चाललं होतं ते माझ्या सामानाचं. मूव्हर्स काय घेतात, कपाटं न्यायची की विकायची. अभय मला ते समजावून सांगत असताना दुसराच एक वेटर ट्रे घेऊन आला. त्यानं बिअरची बाटली आणि ग्लास अभयसमोर ठेवला, नारळपाणी काकूंसमोर ठेवलं आणि तो निघून गेला.

मी काकूंकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि त्यांनी ते तिथंच ठेवले. त्या अभयकडेही बघत नव्हत्या, समोरच्या कोशिंबिरीकडे बघत होत्या.

अभय बोलता बोलता थांबला. समोरच्या बाटलीकडे त्यानं थोडा वेळ बघितलं. वडिलांचा हात त्यानं लहानपणापासून किती टेबलांवर पाहिला असेल कोण जाणे. मग त्यानं एका हातानं बाटली आणि ग्लास पुढं सरकवला, दुसऱ्या हातानं नारळपाणी आपल्याकडे ओढलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "कपाटं विकून टाक. तिकडे नवीन स्वस्त पडतील."

काकूंनी चष्मा चढवला, बाटली फिरवली आणि मागचं लेबल सावकाश वाचलं.

"तुमच्या मिनेसोटात ताजी कुठली मिळते?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत आई. मी पितो का?"

"शोधून ठेव. जूनमध्ये पंधरा दिवस येईन म्हणते. राहायला नाही, भेटायला. घर इथंच आहे माझं."

"बरं," अभय म्हणाला.

काकूंनी रिकामा ग्लास उजेडाकडे धरून बघितला. "आणि यात बर्फ नाही," त्या म्हणाल्या.

अभयनं वेटरला शोधायला मान वळवली. तो कुठं दिसेना. मग अभयनं मांडीवरचा नॅपकिन टेबलावर ठेवला, आईच्या हातातला ग्लास घेतला आणि बर्फ आणायला उठला.